पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमधून लॉगिन होतं, पण क्लायंट आत घेत नाही

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. नवीन मशिन आहे, विंडोज. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) आणि एक खिडकीवाला क्लायंट (तेच काम माउसने करून देणारा), दोन्ही बसवलेत. कामाचा रेपो (कोडचा साठा) एका होस्टिंग सेवेवर आहे, खाजगी. ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की रेपो उघडतो, कोड दिसतो, सगळं व्यवस्थित. क्लोन करायला (रेपोची प्रत मशिनवर आणायला) गेलं की मात्र पासवर्डची खिडकी यायची आणि पासवर्ड टाकला की 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड बदलून पाहिला, तरी तेच.

मग टीममधल्या एकाने सांगितलं की पासवर्डच्या जागी टोकन (सेवेने बनवून दिलेली लांब गुप्त अक्षरमाला) लागतं. टोकन काढलं, आधी माझ्या स्वतःच्या एका छोट्या रेपोवर वापरून पाहिलं, तिथे लगेच चाललं. पण आता कामाच्या रेपोवर खिडकी येतच नाही, थेट 'रेपॉझिटरी नॉट फाउंड'. पत्ता ब्राउझरमधूनच कॉपी केलेला आहे. क्लायंट काढून पुन्हा बसवला, काही फरक नाही.

त्याच सेवेवर माझी दोन खाती आहेत, एक स्वतःचं, एक कामाचं. त्याचा संबंध असेल का?

टर्मिनलवाली

बहुधा तोच संबंध आहे. पण आधी खात्री करू. क्लायंट बाजूला ठेवा, टर्मिनल उघडा आणि या दोन आज्ञांचं उत्तर इथे द्या. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

गिट रिमोट -व्ही
गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर

पहिली माझ्यासाठी: पत्ता एचटीटीपीएसचा (नाव आणि टोकन लागणारा) आहे की एसएसएचचा (की-फाइल लागणारा). दोन्हींच्या लॉगिनचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. क्लोनच झालं नसेल तर जो पत्ता टाकताय तो सांगा. दुसरी आज्ञा सांगते की नाव-पासवर्ड जपून ठेवण्याचं काम कोण करतंय आणि ते कुठल्या फाइलमध्ये लिहिलंय.

आणि कृपा करून पासवर्ड आता पुन्हा बदलू नका. ब्राउझरचं लॉगिन आणि गिटचं लॉगिन हे वेगळे दरवाजे आहेत. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं, बिटबकेट क्लाउडने १ मार्च २०२२ पासून. म्हणजे ब्राउझरमध्ये पासवर्ड चालला यावरून क्लायंटबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी 'ऑथेंटिकेशन फेल्ड'च येणार.

रात्रपाळी

वरच्या उत्तराला जोडून थोडं सविस्तर लिहितो, कारण या तक्रारीत लोक सगळ्यात जास्त वेळ पासवर्ड पुन्हापुन्हा टाकण्यात घालवतात आणि खरा प्रश्न राहून जातो. खरा प्रश्न हा, की *क्लायंट या क्षणी सर्व्हरला कोणाचं नाव सांगतोय?*

एचटीटीपीएसवर काय घडतं ते बघा. गिट पहिली विनंती पाठवतं तेव्हा त्यात ओळख नसतेच. सर्व्हर ४०१ परत देतो, म्हणजे 'आधी ओळख सांगा'. मग गिट हेल्परला (नाव-पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामला) विचारतं, या होस्टसाठी (सर्व्हरच्या पत्त्यासाठी) तुझ्याकडे काही आहे का? हेल्परकडे नोंद असेल तर तुम्हाला न विचारता तीच पाठवली जाते. ती पाठवूनही पुन्हा ४०१ आलं, तर गिट हेल्परला ती नोंद पुसायला सांगतं. म्हणून टोकन खरंच चुकीचं असेल तर पुढच्या वेळी खिडकी पुन्हा उघडते.

पण सर्व्हरने ४०३ किंवा ४०४ दिलं तर नोंद पुसली जात नाही! कारण ओळख पटलेली आहे. टोकन खरं आहे, फक्त ज्याचं आहे त्याला या रेपोत प्रवेश नाही. आणि खाजगी रेपोच्या बाबतीत गिटहबसारख्या सेवा मुद्दामच 'परवानगी नाही' न म्हणता 'सापडला नाही' म्हणतात, नाहीतर नावं टाकून टाकून कुणालाही कळेल की कोणते खाजगी रेपो अस्तित्वात आहेत.

आता कोरी पाटींची हकिगत यावर ठेवून बघा. टोकन स्वतःच्या रेपोवर चाललं, म्हणजे ते स्वतःच्या खात्याचं आहे. यश आलं म्हणून हेल्परने ते त्या होस्टच्या नावावर जपून ठेवलं. हेल्पर सहसा फक्त होस्ट बघतो, रेपोचा मार्ग बघत नाही. कामाच्या रेपोलाही तेच टोकन गेलं, सर्व्हर म्हणाला सापडला नाही, नोंद जागची हलली नाही, खिडकी आली नाही. क्लायंट पुन्हा बसवूनही फरक पडणार नाही, कारण नोंद क्लायंटमध्ये नाहीच.

कोरी पाटी

पत्ता एचटीटीपीएसचाच आहे. दुसऱ्या आज्ञेला एकच ओळ आली, गिटच्याच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलचं नाव आणि पुढे 'मॅनेजर'.

रात्रपाळी, तुमचं म्हणणं पटतंय. पण कोणाचं नाव जातंय हे डोळ्यांनी बघता येतं का?

टर्मिनलवाली

येतं. ही आज्ञा द्या:

गिट क्रेडेन्शियल फिल

कर्सर नुसता थांबेल, काही छापणार नाही. तिथे दोन ओळी टाका, 'प्रोटोकॉल=एचटीटीपीएस' आणि 'होस्ट=' पुढे तुमच्या सेवेचा पत्ता (नुसता पत्ता, पुढे तिरकी रेघ नको). मग एक रिकामी एन्टर. गिट हेल्परला जे विचारतं तेच आपण हाताने विचारतोय. उत्तरात 'युजरनेम=' ची ओळ येईल, त्यात बघा कोणाचं नाव आहे.

सावध: खालच्याच ओळीत 'पासवर्ड=' पुढे टोकन उघडं छापलं जातं. ते इथे चिकटवू नका, कोणी शेजारी बसलं असेल तर स्क्रीनही दाखवू नका.

कोरी पाटी

युजरनेम माझ्या स्वतःच्या खात्याचं आहे. म्हणजे निदान बरोबर. आता ते काढायचं कुठून?

टर्मिनलवाली

विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स. तिथे 'गिट:' ने सुरू होणारी, पुढे सेवेचा पत्ता असलेली नोंद दिसेल. ती काढा. मॅकवाल्यांसाठी कीचेन अ‍ॅक्सेस, तिथे सेवेचा पत्ता शोधायचा. हेल्पर 'स्टोअर' असेल तर होम फोल्डरमधली डॉट-गिट-क्रेडेन्शियल्स ही फाइल, आणि ती साध्या मजकुरात असते, म्हणजे मशिन हातात आलेल्या कोणालाही टोकन वाचता येतं. शक्य तर 'स्टोअर' वापरूच नका. 'कॅशे' असेल तर तो काही न करताही १५ मिनिटांत विसरतो, ९०० सेकंद हा त्याचा मूळ कालावधी.

पण नुसती नोंद काढून काम भागणार नाही, कारण तुम्हाला दोन्ही खाती लागणार आहेत. उद्या स्वतःच्या रेपोवर पुश केलं (बदल चढवले) की पुन्हा तेच चक्र. त्यासाठी पत्त्यातच खात्याचं नाव घाला. दोन तिरक्या रेघांनंतर खात्याचं नाव, मग अ‍ॅट, मग होस्ट:

गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन एचटीटीपीएस://कामाचं-खातं@होस्ट/टीम/रेपो.गिट

आता गिट हेल्परला 'या होस्टसाठी, *या नावाचं* काय आहे' असं विचारेल आणि दोन नोंदी वेगळ्या राहतील. नाव घाला, टोकन मात्र पत्त्यात कधीही घालू नका. पुष्कळ ठिकाणी नाव, कोलन (:) आणि टोकन एका दमात पत्त्यात लिहायचा सल्ला मिळतो. तो पत्ता रेपोच्या कॉन्फिग फाइलमध्ये साध्या मजकुरात पडून राहतो.

रात्रपाळी

दुसरा मार्ग म्हणजे 'क्रेडेन्शियल.यूजएचटीटीपीपाथ' ट्रू करणं. मग हेल्पर होस्टसोबत रेपोचा मार्गही बघतो. पण प्रत्येक रेपोसाठी वेगळी नोंद तयार होते, रेपो जास्त असतील तर प्रत्येकाला एकदा लॉगिन करावं लागतं. मला पत्त्यात नाव घालणं जास्त सरळ वाटतं.

आणि एक. युजर.नेम आणि युजर.ईमेल बदलून लॉगिन सुटत नाही. ती नावं कमिटवर (नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर) छापायची, सर्व्हरशी ओळख सांगताना त्यांचा काहीच उपयोग होत नाही. दोन खाती असली की हा घोळ हमखास होतो म्हणून लिहिलं.

कोरी पाटी

टर्मिनलमधून क्लोन झालं! मनापासून आभार. कामाच्या खात्यावर नवीन टोकन काढलं, पत्त्यात नाव घातलं, खिडकी आली, टोकन टाकलं, झालं.

पण त्या खिडकीवाल्या क्लायंटमधून फेच केलं (सर्व्हरवरचे नवे बदल मागवले) की अजूनही 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. फोल्डर तोच, पत्ता तोच.

जुना खांब

मग तो क्लायंट तुमचं गिट वापरतच नसावा. बरेच खिडकीवाले क्लायंट स्वतःचं गिट सोबत घेऊन येतात, वर खात्यांची यादीही स्वतःची ठेवतात. त्याच्या सेटिंगमध्ये 'एम्बेडेड' आणि 'सिस्टिम' अशी निवड शोधा, सोर्सट्रीमध्ये ती सरळ दिसते. सिस्टिम निवडा, आणि क्लायंटच्या खात्यांच्या यादीत जुना पासवर्ड घेऊन बसलेली नोंद असेल ती काढा. तुम्ही पासवर्ड बदलला होता ना? तो जुनाच बहुधा तिथे आहे.

असाच प्रकार कोड एडिटरमध्ये. व्हीएस कोड आपल्या आतल्या टर्मिनलला 'गिट_आस्कपास' (गिटच्या वतीने पासवर्ड विचारणारा प्रोग्राम) स्वतःचा लावून देतो. त्यामुळे एडिटरच्या आत एक वागणूक आणि बाहेरच्या टर्मिनलमध्ये दुसरी, असं दिसू शकतं. तपासताना नेहमी बाहेरचं टर्मिनल घ्या.

कोरी पाटी

एम्बेडेडच होतं. सिस्टिम केलं, यादीतली जुनी नोंद काढली, फेच झालं. माझा प्रश्न सुटला, पण धागा चालू राहू दे, बऱ्याच जणांच्या कामी येईल.

धांदल

मग मी माझं घेऊन येते. एसएसएच. लिनक्स. की (खाजगी आणि सार्वजनिक फाइलींची जोडी) तयार केलीय, सार्वजनिक भाग खात्यावर चढवलाय, तरी कधी 'परमिशन डिनाइड (पब्लिककी)' तर कधी 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स'. माझ्याकडे जुन्या नोकऱ्यांच्या, सर्व्हरच्या वगैरे बऱ्याच की एजंटमध्ये (की हाताशी ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) भरलेल्या आहेत. त्याने काही बिघडतं का?

रात्रपाळी

त्यानेच बिघडतं. ही आज्ञा द्या, छोटा व्ही आणि मोठा टी:

एसएसएच -व्हीटी गिट@होस्ट

डीबगच्या ओळींची गर्दी होईल. त्यात फक्त दोन प्रकारच्या ओळी शोधा, 'ऑफरिंग पब्लिक की' आणि 'सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की'. कोणती फाइल कोणत्या क्रमाने पुढे केली जातेय ते तिथे स्पष्ट दिसतं. आणि 'गिट' हेच नाव असू दे. गिटहब, गिटलॅब, बिटबकेटवर एसएसएचचं युजरनेम सगळ्यांसाठी 'गिट'च असतं, तुमच्या खात्याचं नाव तिथे टाकलं तर 'परमिशन डिनाइड'.

धांदल

'ऑफरिंग'च्या सहा ओळी आणि मग डिसकनेक्ट. माझी नवी की त्या सहांत नाहीच!

रात्रपाळी

ओपनएसएसएच सर्व्हरची 'मॅक्सऑथट्राइज' ही मर्यादा मुळात ६ असते. एजंटमधल्या प्रत्येक कीचा एक प्रयत्न मोजला जातो. सहा संपले की दार बंद, सातवी बरोबर असली तरी. होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये हे घाला:

होस्ट काम
    होस्टनेम (सेवेचा पत्ता)
    युजर गिट
    आयडेंटिटीफाइल (तुमच्या खाजगी कीची फाइल)
    आयडेंटिटीजओन्ली येस

शेवटची ओळ महत्त्वाची. तिच्याशिवाय आयडेंटिटीफाइल दिली तरी एजंटमधल्या बाकीच्या की पुढे केल्या जातातच. मग रिमोटचा पत्ता 'गिट@काम:टीम/रेपो.गिट' असा करा.

'कधी हे, कधी ते' असं का होतं, तर एजंटमध्ये की किती आहेत यावर ते ठरतं. सहापेक्षा कमी असतील तर सगळ्या नाकारल्या जाऊन 'परमिशन डिनाइड', जास्त असतील तर 'टू मेनी'.

आणि दोन खाती असतील तर इथेही कोरी पाटींसारखंच होतं, फक्त रूप वेगळं. 'गिट' हे नाव सगळ्यांचं असल्यामुळे तुम्ही कोण हे सर्व्हर कीवरून ठरवतो. पहिली जी की ओळखीची निघेल, तेच तुमचं खातं. स्वतःच्या खात्याची की आधी पुढे गेली, स्वीकारली गेली, आणि कामाचा रेपो 'सापडला नाही'. गिटहबवर 'एसएसएच -टी' केलं की 'हाय' म्हणून पुढे खात्याचं नाव छापलं जातं. ते नाव नीट वाचा. 'यशस्वी' एवढंच बघून लोक पुढे जातात आणि नाव दुसऱ्याच खात्याचं असतं.

टर्मिनलवाली

एसएसएचसाठी अजून काही, जे आत्ता आठवतंय:

'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' असं आलं तर फाइलच्या परवानग्या सैल आहेत, सीएचमॉड ६०० करा. सैल परवानग्यांची की एसएसएच वापरतच नाही.

डीबगमध्ये 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम' दिसलं तर सर्व्हर जुना आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून शा-१ वापरणाऱ्या आरएसए सह्या मुळातच बंद असतात. आरएसए की वाईट नाही, शा-२ वर ती चालते, पण समोरच्या सर्व्हरला ते यायला हवं. ईडी२५५१९ प्रकारची नवी की काढणं हा सोपा उपाय, तो प्रकार ओपनएसएसएचमध्ये २०१४ सालच्या ६.५ पासून आहे.

विंडोजवर एसएसएच दोन असू शकतात, एक गिटसोबत आलेलं आणि एक विंडोजचं स्वतःचं. एजंट एकाचा आणि गिट वापरतंय दुसरं, असं झालं की एसएसएच-अ‍ॅडमध्ये की दिसते आणि गिटला मिळत नाही. 'कोअर.एसएसएचकमांड' मध्ये हवा तो मार्ग पक्का करून टाका. टॉर्टॉइजगिटचं त्याहून निराळं, तो प्लिंक (पुटी संचातला एसएसएच प्रोग्राम) वापरत असेल तर की पीपीके स्वरूपात आणि पेजंटमध्ये (त्याच संचाच्या एजंटमध्ये) हवी.

आणि 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' आलं तर घाईने नोन-होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरच्या की जपणाऱ्या फाइलमधली) ओळ उडवू नका. सेवेच्या अधिकृत पानावरचा ठसा जुळतो का ते आधी पाहा. गिटहबने २४ मार्च २०२३ ला आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण खाजगी की थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत उघडी पडली होती. तेव्हा ही सूचना खरी आणि निरुपद्रवी होती. पण मध्येच कोणी कनेक्शन अडवलं असेल तरी अक्षरशः हीच सूचना येते.

धांदल

आयडेंटिटीजओन्लीने काम झालं. 'हाय' पुढचं नावही बरोबर आहे. खूप धन्यवाद!

जुना खांब

आता एसव्हीएनबद्दलही (सबव्हर्जन, गिटच्याच कामाची जुनी प्रणाली) लिहून ठेवतो, कारण अजून खूप ठिकाणी तेच चालतं आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

एसव्हीएनमध्ये सर्व्हर पासवर्डसाठी कंपनीच्या मध्यवर्ती डिरेक्टरीला विचारत असतो. पासवर्डची मुदत संपली, तुम्ही बदललात. पण जुना पासवर्ड डिस्कवर राहिलेला असतो आणि एकाच जागी नाही. टॉर्टॉइजएसव्हीएन या क्लायंटकडे आहे, आयडीईकडे (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडे) आहे, कधी रात्री चालणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टकडे. त्यातलं प्रत्येक जण गुपचूप जुना पासवर्ड पाठवत राहतं आणि डिरेक्टरी तुमचं खातं लॉक करते. मग नवा पासवर्ड बरोबर टाकला तरी 'फेल्ड'. तुम्हाला वाटतं पासवर्ड चुकतोय, अ‍ॅडमिन लॉक काढतो, तासाभरात पुन्हा लॉक. असं झालं तर लॉक काढून घेण्यापूर्वी आधी सगळे क्लायंट बंद करा, जपलेल्या नोंदी पुसा, मग लॉक काढून घ्या. क्रम उलटा केलात तर पुन्हा पहिल्यापासून.

टॉर्टॉइजमध्ये सेटिंग्ज, सेव्ह्ड डेटा, ऑथेंटिकेशन डेटा, क्लिअर. विंडोजवर या नोंदी अ‍ॅपडेटामधल्या सबव्हर्जन फोल्डरात 'ऑथ' मध्ये असतात, लिनक्स-मॅकवर होम फोल्डरमधल्या डॉट-सबव्हर्जनमध्ये. आज्ञेने करायचं तर 'एसव्हीएन ऑथ' नोंदी दाखवते आणि 'एसव्हीएन ऑथ --रिमूव्ह' पुसते, १.९ आवृत्तीपासून आहे. विंडोजवरचा ऑथ फोल्डर नवीन मशिनवर कॉपी करून नेऊ नका. पासवर्ड त्या मशिनवरच्या तुमच्या खात्याशी बांधून कूटबद्ध केलेला असतो, दुसरीकडे उघडत नाही.

त्रुटीचे क्रमांकही वाचायला शिका. ई२१५००४ म्हणजे ओळखच पटली नाही, जपलेला किंवा दिलेला पासवर्ड नाकारला गेला. ई१७५०१३ म्हणजे ओळख पटली पण त्या मार्गावर मनाई. दुसऱ्या प्रकारात पासवर्डला हात लावू नका, अ‍ॅडमिनला ऑथझेड फाइल (कोणाला कुठे प्रवेश, त्याचे नियम) बघायला सांगा. तिथले मार्ग लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, 'ट्रंक' चा टी मोठा पडला तरी नियम लागू होत नाही.

लिनक्सवाल्यांची एक नेहमीची तक्रार, 'आता दर वेळी पासवर्ड विचारतो'. १.१२ पासून साध्या मजकुरात पासवर्ड जपणं मुळात बंद ठेवलंय. उपाय म्हणजे ग्नोम कीरिंग किंवा केवॉलेट वापरणं. जुनी सवय परत आणण्याच्या मागे लागू नका.

बिल्डबाबा

आमच्याकडे बिल्ड सर्व्हरवर (कोड आपोआप बांधणाऱ्या मशिनवर) अचानक सगळे जॉब लाल, म्हणजे फसलेले. काहीच बदललेलं नाही. लॉग चिकटवतो:

फेटल: ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर एचटीटीपीएस://ओऑथ२:(संपादित)@होस्ट/टीम/रेपो.गिट

टर्मिनलवाली

बिल्डबाबा, तुमच्या ओळीत टोकन पूर्ण दिसत होतं, मी संचालकांना सांगून झाकून घेतलंय. पण मधल्या वेळात कोणी वाचलं असेल हे गृहीत धरा. ते टोकन सेवेच्या पानावर जाऊन आत्ता रद्द करा, मग पुढचं बोलू. 'तसंही चालत नाही' म्हणून सोडू नका, एका रेपोला नकार मिळाला म्हणजे टोकन मेलं असा अर्थ होत नाही.

सगळ्यांसाठी: 'गिट_ट्रेस_कर्ल' चा लॉग ऑथरायझेशनचं शीर्षक आपोआप झाकतो, पण त्यावर विसंबून राहू नका. कुठेही लॉग देण्याआधी डोळ्यांखालून घाला.

बिल्डबाबा

रद्द केलं. यादीत त्याच्यापुढे 'एक्स्पायर्ड' लिहिलेलंच होतं.

रात्रपाळी

मग कारण मिळालं. काहीच न बदलता एके दिवशी सगळं एकदम बंद पडलं की पहिला संशय मुदतीवर घ्यावा. गिटलॅबने मे २०२३ मधल्या १६.० आवृत्तीपासून टोकनला मुदत सक्तीची केली. गिटहब वर्षभर न वापरलेलं वैयक्तिक टोकन स्वतःहून काढून टाकतं. दुसरा संशय माणसावर: टोकन कोणाच्या वैयक्तिक खात्यावर काढलं होतं आणि ती व्यक्ती टीम सोडून गेली का?

म्हणून बिल्ड सर्व्हरला माणसाचं टोकन देऊच नये. प्रोजेक्टचं टोकन किंवा फक्त वाचण्यापुरती डिप्लॉय की (एकाच रेपोला जोडलेली एसएसएच की) द्या. मुदत संपण्याची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये घाला. जॉबमध्ये 'गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट' ० ठेवा, म्हणजे लॉगिन फसलं तर गिट पासवर्डची वाट बघत अडकून न पडता लगेच त्रुटी देऊन थांबेल.

टोकन ताजं असूनही संस्थेच्या रेपोवर ४०३ येत असेल आणि संस्थेत सिंगल साइन-ऑन (संस्थेचं एकच सामायिक लॉगिन) असेल, तर गिटहबवर टोकनच्या यादीतून त्या संस्थेसाठी ते वेगळं मंजूर करावं लागतं. एसएसएच कीलाही तेच लागू.

कोरी पाटी

माझ्या एका सहकाऱ्याला 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट' येतंय. त्याला कोणीतरी 'एचटीटीपी.एसएसएलव्हेरिफाय फॉल्स' करायला सांगितलंय. करू दे का?

टर्मिनलवाली

नको, अजिबात नको. ते केलं की समोर खरा सर्व्हर आहे की नाही हे न तपासताच टोकन पाठवलं जातं. हा लॉगिनचा बिघाड नाहीच, लॉगिनपर्यंत गोष्ट पोचलेली नाही. ऑफिसच्या नेटवर्कवर मधला प्रॉक्सी कनेक्शन उघडून स्वतःचं प्रमाणपत्र लावत असेल तर असं होतं. विंडोजला ते प्रमाणपत्र माहीत असतं म्हणून ब्राउझर चालतो. गिट मात्र स्वतःची यादी बघत असतं. 'एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड' ला 'एसचॅनल' द्या, मग गिट विंडोजचीच यादी वापरेल.

४०७ आलं तर तो पासवर्ड प्रॉक्सी मागतोय, रेपोचा सर्व्हर नाही. आणि मशिनचं घड्याळ बघा. घड्याळ मागेपुढे असेल तर प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' ठरतं, फोनमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा कोडही जुळत नाही, आणि कर्बेरॉस (ऑफिसच्या नेटवर्कवरची लॉगिन पद्धत) असेल तर साधारण ५ मिनिटांच्या फरकापलीकडे तो नकारच देतो.

डेपोकर

परफोर्सवाला (तीही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली) कोणी आहे का इथे? 'परफोर्स पासवर्ड (पी४पासडब्ल्यूडी) इनव्हॅलिड ऑर अनसेट'. सकाळी पी४ लॉगिन केलं, पासवर्ड घेतला, दुपारी घरून व्हीपीएन लावून बसलो की पुन्हा हेच. पी४व्हीमध्येही (परफोर्सचा खिडकीवाला क्लायंट).

जुना खांब

परफोर्समध्ये 'पी४ लॉगिन' केलं की तिकीट मिळतं आणि पुढचं सगळं त्या तिकिटावर चालतं. मूळ मुदत ४३,२०० सेकंद, म्हणजे १२ तास, गटाच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडमिन ती बदलू शकतो. पण तुमचं मुदतीचं दिसत नाही. साधं तिकीट ज्या आयपी पत्त्यावरून घेतलं त्यालाच बांधलेलं असतं. व्हीपीएनने पत्ता बदलला, तिकीट निकामी. हे करून पाहा:

पी४ सेट
पी४ लॉगिन -एस
पी४ लॉगिन -ए

'पी४ सेट' मध्ये प्रत्येक मूल्यापुढे ते कुठून आलं ते लिहिलेलं असतं. तिथे पी४पासडब्ल्यूडी दिसत असेल तर ते जुनं मूल्य आहे, आधी काढून टाका. सर्व्हरची सुरक्षा पातळी ३ किंवा वर असेल तर तिथे ठेवलेला पासवर्ड सर्व्हर मानतच नाही, त्याला तिकीटच लागतं. पी४पोर्टही बघा. तिकीट सर्व्हरच्या पत्त्यावर नोंदलेलं असतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये एक पत्ता आणि पी४व्हीमध्ये दुसरा असं नको. '-एस' तिकीट जिवंत आहे का आणि किती वेळ उरलाय ते सांगतं. '-ए' ने घेतलेलं तिकीट कुठल्याही पत्त्यावरून चालतं.

डेपोकर

पी४ सेटमध्ये रजिस्ट्रीतून आलेला पी४पासडब्ल्यूडी होता, काढला. '-ए' ने लॉगिन केलं. व्हीपीएन बंद करून पुन्हा लावला, '-एस' अजून उरलेला वेळ दाखवतंय, आणि पी४व्हीमधून सिंकही झालं. ज्या सर्व्हरवर '-ए' ला परवानगी नसेल तिथे काय करायचं?

जुना खांब

तिथे व्हीपीएन आधी लावायचं, लॉगिन नंतर करायचं. पत्ता बदलला की पुन्हा लॉगिन, दुसरा इलाज नाही.